ओळ दोनशे बारा

मणेराजुरी रोडला, कोल्ड स्टोरेजच्या ऑफिसात
रात्री सव्वा वाजता
नवं मशीन मला सांगतं: फाईल सापडत नाही.

आहे की रे, म्हणतो मी.
आत्ता ठेवली माझ्या हातानं,
सगळ्या लायब्रऱ्या जिथं ठेवतात तिथंच,
सिस्टिमच्या सामाईक फडताळात.
पुन्हा एंटर.
सापडत नाही.

भिंतीपलीकडं चार डिग्रीत
अकराशे टन बेदाणा झोपलाय,
हिरवा, पिवळा, थोडा काळा,
आणि रात्रभर त्याचं अंग चाचपणारा
हा एकच प्रोग्रॅम, फुकटचा, खुल्या सोर्सचा,
जुन्या मशीनवर नऊ वर्षं बिनतक्रार चालला.
ते मशीन परवा गेलं. उंदीर.

कुठं शोधतोयस, ते तरी सांग.
एकेक कॉल ओळीनं उलगडून बसतो,
चारशे ओळींनंतर तो कबूल होतो:
स्लॅश होम, स्लॅश बशीर, स्लॅश जुनं, स्लॅश लिब.

कोण बशीर?
झांबरे शेठना फोन लावायची ही वेळ नव्हे.
मेकफाईलच्या दोनशे बाराव्या ओळीत
तो मला भेटतो,
अख्खा पत्ता, हातानं टाईप केलेला,
आणि वर एक कॉमेंट:
तात्पुरतं. सोमवारी नीट करतो.

कुठला सोमवार, ते लिहिलेलं नाही.

ओळ बदलली. जुन्या ऑब्जेक्ट फाईली झाडून काढल्या.
पुन्हा बांधलं. पंखा घरघरला, वॉर्निंगा सरकत गेल्या,
आणि पुन्हा तेच, बशीर, जुनं, लिब.
सेन्सरशी बोलणाऱ्या तुकड्याचा सोर्सच नव्हता,
नुसती तयार फाईल, आणि तिच्या पोटात
त्याच्या घराचा पत्ता.
खरवडून नवा लिहिता येतो,
पण हाताशी असलेल्या अवजाराची अट अशी
की नवा पत्ता जुन्याच्या जागेत मावला पाहिजे.
मी अक्षरं मोजली.
माझा चार अक्षरांनी लांब.

तेवढ्यात कोळेकर आत आला, मफलर, बॅटरी.
"सायब, जरा भाईर जाऊन येतो.
सांगोल्याची गाडी जुन्या गेटाम्होरं हुबी हाय.
डायवरला कुणीतरी त्योच पत्ता दिलाय."
जुनं गेट म्हणजे आता नुसती भिंत,
कुणाच्या तरी प्रचाराचा रंग लावलेली.
"रोजचं हाय," तो म्हणाला,
"मी तितं जाऊन हुबा ऱ्हातो, आन् हिकडं घिऊन येतो."

सायकलची चेन करकरत लांब गेली.

मग मीही तेच केलं.
ज्या मशीननं बशीरला कधी पाहिलं नाही
त्याच्यावर त्याचं घर बांधलं,
आत जुनं नावाची खोली,
आणि खोलीत लिब म्हणून काहीच नाही, फक्त एक दुवा,
बॅटरी धरून उभा:
इकडं या, सामान तिकडं आहे.

तीन वाजून सात मिनिटांनी
स्क्रीनवर पहिला आकडा आला.
तीन पूर्णांक नऊ.
मग चार. मग पुन्हा तीन पूर्णांक नऊ.
बाहेर ट्रक रिव्हर्स घेत होता, कोळेकर ओरडत होता,
यिऊ द्या, यिऊ द्या, बास.

त्यानं दिलेला चहा नुसता साखरेचा होता.
बशीरचं विचारलं, तर म्हणाला, व्हता एक पोरगा,
मिरजेचा, लई हुशार, दुबईला गेला म्हनत्यात,
का पुण्याला.
जेवण विसरायचा, एवढं मात्र पक्कं आठवतंय.

सकाळी सहाची सांगली गाडी.
खिडकीची काच वर जात नव्हती, द्राक्षांच्या बागांवर
प्लास्टिकचे कागद फडफडत होते,
डोळा लागता लागता आठवलं:
दोनशे बाराव्या ओळीत मी चाचणीपुरतं
माझ्याच फोल्डरचं नाव घातलं होतं.
काढायचं राहिलं.
आज शनिवार.

कंडक्टर दुसऱ्यांदा विचारतोय,
कुठं?